गाडीच्या किमतीचे धनी

चारचाकीची किंमत हा एक आकडा नसतो. तो पाच-सहा रकमांचा गठ्ठा असतो आणि प्रत्येक रकमेचा धनी वेगळा असतो. त्यात कंपनीचा, केंद्र सरकारचा, राज्याच्या परिवहन खात्याचा, विमा कंपनीचा, वित्तसंस्थेचा आणि सर्वांत शेवटी डीलरचा वाटा असतो. शोरूममधल्या टेबलावर मात्र हे सारे एकाच कागदावर, एकाच बेरजेखाली येते. त्या बेरजेला ‘ऑन-रोड’ म्हणतात. गिऱ्हाईक घासाघीस करते ती या बेरजेवर, आणि तिथेच गडबड होते. बेरजेतला मोठा भाग समोर बसलेल्या माणसाच्या हातात नसतो. जो थोडा असतो तो वेगवेगळ्या ओळींत विखुरलेला असतो. कोणत्या रकमेचा धनी कोण हे कळले की बोलणी कुठे करायची तेही कळते.

कोटेशनचा कागद

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरातल्या शोरूममध्ये मिळणाऱ्या कोटेशनचा एक नमुना घेऊ. गाडी पेट्रोलवर चालणारी, १,२०० सीसीच्या आतली, चार मीटरपेक्षा कमी लांबीची. पहिली ओळ एक्स-शोरूम ९,००,००० रुपये. तिच्याखाली आरटीओ १,०८,०००, विमा ३८,०००, हँडलिंग चार्जेस ६,५००, अ‍ॅक्सेसरीज किट २४,०००, वाढीव वॉरंटी १८,००० आणि फास्टॅग ६००. एकूण १०,९५,१००. नऊ लाखांची म्हणून पाहायला गेलेली गाडी अकरा लाखांच्या घरात पोहोचते. सेल्समन शेवटच्या आकड्याभोवती पेनाने गोल काढतो आणि ‘यातून पंचवीस हजार कमी करून देतो’ म्हणतो. ते पंचवीस हजार कोणत्या ओळीतून गेले हे कागद सांगत नाही.

पहिली ओळ: कंपनीची किंमत

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. तिच्यातच जीएसटी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर, म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे १,२०० किंवा डिझेलचे १,५०० सीसीपर्यंत असलेल्यांवर, १८ टक्के कर आहे. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि विजेवर चालणाऱ्यांवर ५ टक्के. त्याआधी लहान गाड्यांवरही २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. मोठ्या एसयूव्हीचा एकूण भार ५० टक्क्यांवर जाई. आजच्या दराने नमुन्यातल्या नऊ लाखांत सुमारे १,३७,००० रुपये जीएसटीचे आहेत.

डीलर ही गाडी कंपनीकडून विकत घेतो. तो कमिशनवर माल खपवणारा दलाल नसून स्वतःचे किंवा बँकेचे भांडवल अडकवून बसलेला व्यापारी असतो. गाडी कंपनीतून निघाली की तिचे बिल डीलरच्या नावावर पडते आणि व्याज सुरू होते. प्रवासी गाड्यांवरचा डीलरचा फायदा एक्स-शोरूम किमतीच्या साधारण ३ ते ५ टक्के असतो. नऊ लाखांच्या गाडीत ही रक्कम २७ ते ४५ हजार होते आणि त्यातूनच जागेचे भाडे, पगार आणि व्याज भागवायचे असते. म्हणून शोरूमचा संसार पहिल्या ओळीवर चालत नाही. तो विम्याचे कमिशन, कर्ज मिळवून दिल्याबद्दलचा मोबदला, अ‍ॅक्सेसरीज, वर्कशॉप आणि जुन्या गाड्यांचा व्यवहार यांवर चालतो. खालच्या ओळी एवढ्या लांबतात त्याचे कारण हेच.

सरकारची ओळ

नोंदणीच्या वेळी भरायचा मोटार वाहन कर राज्याचा. महाराष्ट्रात खासगी गाडीसाठी तो एकरकमी भरावा लागतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांत १३, १४ आणि १५. सीएनजीच्या गाड्यांना दर कमी असला तरी २०२५ मध्ये तो एका टक्क्याने वाढला आणि कराची कमाल मर्यादाही वीस लाखांवरून तीस लाखांवर नेली गेली. कंपनीच्या नावावर घेतलेल्या किंवा आयात केलेल्या गाडीला मात्र सरसकट २० टक्के पडतात. लीजच्या हिशेबात हा दर पुन्हा भेटतो.

दर टप्प्याटप्प्याने वाढत असला तरी लागतो पूर्ण किमतीवर. त्यामुळे दहा लाखांच्या सीमेवर मोठी पायरी तयार होते. ९,९९,००० च्या पेट्रोल गाडीला सुमारे १,०९,९०० रुपये कर, तर १०,०१,००० च्या गाडीला १,२०,१२०. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएसही, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा प्राप्तिकर, डीलरला गोळा करावा लागतो. ही तरतूद २०१६ पासून आहे. किंमत दोन हजारांनी वाढली की हातातून वीस हजारांहून जास्त जादा जातात. कंपन्या इतक्या गाड्या ९ लाख ९९ हजारांवर का आणून ठेवतात त्याचे एक उत्तर इथे आहे. टीसीएस हा खर्च मात्र नव्हे. तो ग्राहकाच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना करातून वजा होतो किंवा परत मिळतो.

नमुन्यातल्या गाडीचा कर ९९,००० रुपये. हलक्या खासगी वाहनाचे नोंदणी शुल्क ६००, कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २०० आणि काही किरकोळ आकार धरले तरी सरकारी रक्कम एक लाख तीन-चार हजारांच्या आसपास राहते. कागदावर १,०८,००० लिहिलेले असतात. मधले चार-पाच हजार ‘पासिंग’ करून आणणाऱ्या एजंटाचे आणि शोरूमचे. कर ‘वाहन’ पोर्टलवर ऑनलाइन भरला जातो आणि त्याची पावती निघते. पावतीवरचा आकडा आणि कोटेशनवरचा आकडा शेजारी ठेवले की फरक उघड होतो.

परराज्यात नोंदणी करून कर वाचवण्याची वाट सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे जुनी आहे. पण गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिली की तिथे पुन्हा नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तेव्हा महाराष्ट्राचा कर भरावाच लागतो.

विम्याची ओळ

३८,००० च्या या ओळीत दोन वेगळे विमे आहेत. पहिला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याच्या भरपाईचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीला तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवते, कंपनी बदलून तो कमी होत नाही. २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १,००० ते १,५०० सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी पडतो.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचा दर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. शोरूम आणि बाहेर यांतला फरक पडतो तो इथेच. झीरो डेप्रिसिएशन, इंजिन संरक्षण, किल्ली हरवल्यास भरपाई अशी जोडकलमेही इथेच चढतात. विमा नियामक इर्डाच्या २०१७ च्या नियमांनुसार डीलर विमा विकू शकतो. मात्र आपल्याकडूनच घ्या अशी सक्ती तो करू शकत नाही. बाहेरून विमा आणला तर गाडी अडवण्याचा किंवा सवलत काढून घेण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. जुन्या गाडीवर दावा न केल्याचा बोनस पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना त्याचे पत्र घेऊन ठेवले की नव्या गाडीच्या विम्यात तो वजा होतो. एक्सचेंजमध्ये गाडी देणारे अनेक जण हे पत्र मागायचे विसरतात.

डीलरच्या स्वतःच्या ओळी

हँडलिंग चार्जेस हे गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणल्याचे पैसे म्हणून सांगितले जातात. कायद्याने ठरवलेल्या रकमांत ही ओळ नाही आणि नोंदणीशीही तिचा संबंध नाही. जे ग्राहक शांतपणे ‘ही रक्कम कोणत्या नियमाखाली?’ एवढेच विचारतात, त्यांच्या कागदावरून ती बहुधा खोडली जाते. नंबर प्लेटचेही तसेच. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी कंपनीकडूनच येते, तिचे वेगळे पैसे नसतात.

अ‍ॅक्सेसरीज किट म्हणजे मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, दारांच्या कडेची पट्टी आणि गाडीखालचा रंग. ‘फुकट’ म्हणून मिळणारी वीस हजारांची अ‍ॅक्सेसरीज डीलरला त्याहून बरीच स्वस्त पडते. म्हणून रोख सवलतीऐवजी सामान देणे त्याला परवडते. वाढीव वॉरंटी उपयोगी असू शकते, पण ती डिलिव्हरीच्या दिवशीच घ्यावी लागते असे नाही. मूळ वॉरंटी संपायच्या आत ती घेता येते, उशीर झाला तर दर थोडा वाढतो.

आता बेरीज पुन्हा पाहिली तर चित्र वेगळे दिसते. १०,९५,१०० पैकी नऊ लाख कंपनीचे. सरकारी कर-शुल्के, तृतीय पक्ष विमा आणि फास्टॅग मिळून लाखाच्या वर आणखी सोळा-सतरा हजार, जे टळत नाहीत. उरतात ७५ ते ८० हजार. घासाघिशीचे आणि निवडीचे सगळे मैदान एवढेच, आणि ते डीलरच्या मूळ फायद्याहून मोठे आहे.

सवलत कुठून येते

गाडीवरची सवलत तीन हातांतून येते. कंपनी महिन्याची योजना जाहीर करते. त्यात रोख सवलत, एक्सचेंज बोनस, नोकरदारांसाठी कॉर्पोरेट सवलत असे भाग असतात. डीलर आपल्या फायद्यातून काही सोडतो. आणि कंपनीने त्याला दिलेले लक्ष्य गाठायला दोन-चार गाड्या कमी पडत असतील तर महिनाअखेर किंवा तिमाहीअखेर तो आणखी खाली येतो. लक्ष्य गाठल्याचा बोनस त्या सवलतीहून मोठा असतो.

यार्डात किती गाड्या उभ्या आहेत यावरही बरेच ठरते. डीलरांची संघटना फाडा एकवीस दिवसांचा साठा योग्य मानते. २०२४ च्या सणासुदीच्या तोंडावर तो ८० ते ८५ दिवसांवर गेला होता आणि त्या काळात सवलती भरघोस होत्या. उलट ज्या गाडीला सहा महिन्यांचे वेटिंग आहे तिच्यावर कोणी पै सोडत नाही, वर अ‍ॅक्सेसरीज गळ्यात मारली जाते. डिसेंबरमधल्या सवलतीचे कारण वेगळे. १ जानेवारीला उभी गाडी एका वर्षाने जुनी ठरते. उत्पादनाचा महिना आणि वर्ष नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, छापलेले असते आणि पाच वर्षांनी विकताना घेणारा ते पाहतोच. गाडी दहा वर्षे ठेवणाऱ्याला डिसेंबरचा सौदा फायद्याचा, तीन वर्षांनी बदलणाऱ्याला तितकासा नाही.

डीलरने किती सोडावे यावरही कधी कंपनीचे नियंत्रण असते. मारुती सुझुकीने डीलरांना ठरावीक मर्यादेपलीकडे सवलत द्यायला मज्जाव केला, या आरोपावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरणाची सुरुवात एका निनावी ईमेलने झाली. पाठवणाऱ्याने आपण डीलर असल्याचे म्हटले होते आणि तक्रार मुंबई व उर्वरित महाराष्ट्राच्या विक्री विभागाबद्दल होती. आयोगाच्या आदेशात ग्राहक बनून शोरूममध्ये जाणाऱ्या माणसांचा तपशील आहे. कोण जादा सवलत देतो हे ते हेरत आणि सापडलेल्या डीलरला भुर्दंड बसे. कंपनीने या आदेशाला अपील न्यायाधिकरणात आव्हान दिले.

कर्जाचा धनी

शोरूममध्ये कर्जाचेही टेबल असते. तिथे व्याजदराआधी हप्ता सांगितला जातो. आठ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. तेच सात वर्षांचे केले तर हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जाते. लहान हप्ता म्हणजे स्वस्त गाडी नव्हे.

दुसरी मेख ‘फ्लॅट’ दराची. ५.५ टक्के फ्लॅट ऐकायला गोड लागते. पण हे व्याज पूर्ण आठ लाखांवर पाचही वर्षे आकारले जाते, फेडलेली मुद्दल त्यातून वजा होत नाही. त्याचा हप्ता १७,००० रुपये होतो, आणि घटत्या शिलकीच्या हिशेबात तो दर १० टक्क्यांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी वस्तुस्थितीचा गोषवारा देणारे पत्रक सक्तीचे आहे. त्यात प्रक्रिया शुल्कासह सर्व खर्च धरून वार्षिक दर द्यावा लागतो. दोन बँकांची तुलना याच आकड्यावर करायची. गाडीची कर्जे बहुतेक स्थिर दराची असल्याने मुदतीआधी फेडण्याचा दंडही त्याच पत्रकात पाहावा लागतो.

लीज: वापराचे पैसे

लीज म्हणजे शेत खंडाने घेण्यासारखा व्यवहार. जमीन मालकाची, पीक आपले आणि खंड ठरलेला. फरक एवढाच की जमीन झिजत नाही, गाडी झिजते. त्यामुळे लीजच्या हप्त्याचा गाभा झीज हा असतो.

दहा लाखांची गाडी चार वर्षांसाठी लीजवर दिली आणि मुदतीनंतर ती चार लाखांना जाईल असे लीज कंपनीने धरले, तर हे चार लाख म्हणजे अवशिष्ट मूल्य. सहा लाखांची झीज अठ्ठेचाळीस महिन्यांत विभागली की महिन्याला १२,५०० होतात. अडकलेल्या भांडवलावर ११ टक्के व्याज धरले तर त्यात साधारण ६,७०० ची भर पडते. हप्ता १९,२०० च्या आसपास. त्यावर जीएसटी. भाड्यालाही त्या गाडीचाच दर लागतो, म्हणून लहान गाडीला १८ टक्के धरून आकडा साडेबावीस हजारांवर जातो आणि मोठ्या गाडीला ४० टक्के. देखभाल आणि विमा त्यात धरला असेल तर आणखी वर.

अवशिष्ट मूल्य चारऐवजी तीन लाख धरले तर हप्ता सुमारे १,७०० रुपयांनी वाढतो. म्हणून लीजच्या बोलण्यात गाडीच्या किमतीइतकाच हा आकडा विचारायचा असतो. बाजारात जुनी चांगल्या भावाने जाणारी गाडी लीजवर स्वस्त पडते. भाव पटकन पडणारी गाडी शोरूममध्ये सवलतीत मिळाली तरी लीजवर महाग पडते.

भारतात लीज मुख्यतः कंपन्यांच्या पगाररचनेतून आली. नोकराला गाडी दिली की तिचे भाडे पगारातून वळते होते आणि करपात्र उत्पन्नात फक्त ठरलेले सुविधामूल्य मिळवले जाते. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांत, खर्च नोकरी देणारी कंपनी करत असेल आणि गाडी कामासाठी व घरासाठी दोन्हीकडे वापरली जात असेल तर, १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला हे मूल्य महिना १,८०० आणि त्यावरच्याला २,४०० रुपये होते, चालक असल्यास वर ९००. महिन्याच्या पंचवीस-तीस हजारांच्या भाड्यापुढे ही रक्कम नगण्य असल्याने वरच्या करटप्प्यातल्या पगारदाराला लीज गोड लागते. पण गाडी कंपनीच्या नावावर नोंदवली तर महाराष्ट्रात २० टक्के वाहनकर पडतो आणि वाचवलेल्या करातला बराच भाग तिथे जातो. गाडी कोणाच्या नावावर लागणार हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा.

पगाराबाहेरच्या सामान्य ग्राहकासाठी ‘सबस्क्रिप्शन’ या नावाने लीज २०२० च्या सुमारास रुळू लागली. मारुतीने त्या वर्षी गुरुग्राम आणि बेंगळुरूत योजना सुरू करून पुढे पुण्यासह इतर शहरांत नेली. काही योजनांत गाडी भाड्याच्या वाहनासारखी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. काहींत ती ग्राहकाच्या नावे पांढऱ्या पाटीवर असते आणि आरसीवर लीज कंपनीचा बोजा असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येप्रमाणे लीज कराराखाली ज्याच्या ताब्यात गाडी आहे तोच ‘मालक’ ठरतो. म्हणजे चलन आणि अपघाताची कायदेशीर जबाबदारी हप्ता भरणाऱ्याकडे येते.

विजेच्या गाड्यांनी यात नवा पदर जोडला. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर ९.९९ लाखांना जाहीर झाली. त्या किमतीत बॅटरी नव्हती, तिचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. बॅटरीसह तीच गाडी साडेतेरा लाखांपासून होती. ३.५१ लाखांच्या फरकाला साडेतीनने भागले की सुमारे एक लाख किलोमीटर होतात. व्याज बाजूला ठेवले तर त्याहून कमी चालवणाऱ्याला भाडे परवडते आणि जास्त चालवणाऱ्याला विकत घेणे.

करारातल्या अटी

लीजचा करार वाचताना पाच कलमे नीट पाहावी लागतात. वर्षाला किती किलोमीटर चालवता येईल आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला किती पडेल, हे पहिले. रोज पुणे-चाकण करणाऱ्याला वर्षाला दहा हजारांची मर्यादा सहा-सात महिन्यांत संपते. दुसरे, गाडी परत देताना कोणता ओरखडा नेहमीची झीज आणि कोणता नुकसान. याची सचित्र यादी कराराला जोडलेली हवी. तिसरे, मुदतीआधी सोडल्यास काय. सुरुवातीचे महिने बहुधा बांधील असतात आणि पुढे उरलेल्या भाड्याचा काही भाग दंड म्हणून द्यावा लागतो. चौथे, नोकरी बदलली तर गाडीचे काय. नवी कंपनी करार पुढे न्यायला तयार नसेल तर नोकराला गाडी करारातल्या हिशेबाने एकरकमी विकत घ्यावी लागते. आणि ती रक्कम बाजारभावाहून जास्त असू शकते. पाचवे, मुदतीनंतर गाडी घ्यायची असल्यास किंमत आधीच ठरलेली आहे की त्या वेळी ठरणार.

डिलिव्हरी आणि शेवटचा कागद

तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याशिवाय डीलरला गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. म्हणून दसरा, धनत्रयोदशी, पाडव्याच्या आधीचे काही दिवस आरटीओत पासिंगची रीघ लागते आणि मुहूर्ताला फक्त हार-नारळ होतो. गाडी तपासायची वेळ या रिघेच्या आधीची असते, कारण नंबर पडल्यावर गाडी बदलून मिळत नाही. यार्डात गेलेला ग्राहक चासी क्रमांक उतरवून घेतो, ओडोमीटर पाहतो आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचतो. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायरांची तारीख गाडीच्या महिन्याशी जुळत नसेल तर विचारायला जागा असते. मग बिल, विमा पॉलिसी, कराची पावती आणि सवलत बिलात दाखवलेली आहे की नाही हे पाहून उरलेली रक्कम द्यायची. तोंडी कबूल केलेले जे बिलात नाही त्यासाठी पुढे भांडता येत नाही. बिलात असूनही मिळाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा ग्राहक आयोगात दाद मागता येते.

कर्ज फिटले किंवा लीज संपून गाडी स्वतःची झाली तरी व्यवहार आपोआप पुरा होत नाही. वित्तसंस्थेकडून ना-हरकत पत्र आणि सही केलेला नमुना ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो, तोच बदल विमा पॉलिसीतही करून घ्यावा लागतो. तसे केले नाही तर गाडी विकताना घेणारा अडतो, आणि गाडी चोरीला गेली तर विम्याची भरपाई आधी वित्तसंस्थेच्या नावे निघते. बोजा उतरलेली आरसी हातात आली की गाडीच्या किमतीतला शेवटचा परका धनी बाहेर पडतो.